भरती करायची, टॅक्स वाढवायचा नाही, मग मनपाचं बजेट बसवायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पहिल्यांदाच निवडून आलात, लगेच स्थायी समितीवर गेलात, मनपा ड वर्गाची म्हणजे सगळ्यात छोट्या वर्गातली, मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी. प्रशासन म्हणतं भरती केली तर आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर जातो, शासन परवानगी देणार नाही. टॅक्स वाढवायचं नाव काढलं की सभागृहात सगळे गप्प. आणि वॉर्डातले लोक रोज विचारतात की गटार काढायला माणूस का येत नाही.

मी मनपांच्या लेखा विभागातच नोकरी केली, मुख्य लेखा व वित्त अधिकारी म्हणून रिटायर झालो, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो. बजेट कागदावर बसवणं अजिबात अवघड नसतं, ते दरवर्षी बसतंच, वर चार-दोन लाखांची शिल्लकही दिसते. अवघड आहे ते खरोखर येणारा पैसा किती हे ठरवणं, आणि त्यातला दरवर्षी हमखास येणारा किती नि एकदाच येणारा किती हे वेगळं काढणं. कायम माणूस भरायचा तर तो फक्त हमखास येणाऱ्या पैशावर भरायचा, कारण त्याचा पगार हा एका वर्षाचा खर्च नाही, पुढच्या तीस वर्षांचा आहे. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आधी बजेट फुगतं कुठे ते बघा. आयुक्त त्यांचा अंदाज स्थायीसमोर मांडतात, तो आधीच थोडा आशावादी असतो. मग स्थायीत प्रत्येकाला वॉर्डासाठी रस्ता, समाजमंदिर, हायमास्ट हवा असतो, ती कामं खर्चाच्या बाजूला घालायची तर जमेच्या बाजूलाही तेवढेच वाढवावे लागतात, मग मालमत्ता कराच्या हेडवर, म्हणजे बजेटमधल्या त्या खात्यावर, पंचवीस कोटी वाढवले, नगररचनेच्या हेडवर वीस वाढवले की झालं. पुढे सर्वसाधारण सभेत अजून भर पडते. वाढवलेला एकही रुपया प्रत्यक्षात येत नाही, पण कामाच्या हेडवर तरतूद दिसते, तरतूद आहे म्हणून टेंडर निघतं, वर्कऑर्डर जाते, काम होतं आणि बिल लेखा विभागात येऊन पडतं. तिथे पैसे नसतात. ही न दिलेली बिलं म्हणजे दायित्व, आणि ते पुढच्या वर्षाच्या बजेटच्या मानगुटीवर बसतं. तुमच्याकडे दायित्वाची यादी मागा, काम, ठेकेदार, बिलाची तारीख, रक्कम असे कॉलम हवेत. ती न बघता नवीन एकही काम मंजूर करू नका, कारण स्टाफसाठी लागणारा पैसा बहुतेक ठिकाणी याच भोकातून गळतो.

उत्पन्नाचा खरा आकडा काढायची पद्धत साधी आहे. मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा घ्या, बजेटमधला अंदाज नाही आणि सुधारित अंदाजही नाही, बँकेत आलेले पैसे. चालू वर्षाची डिसेंबरअखेरची जमा घ्या. तीन वर्षांत एखाद्या हेडची वाढ सरासरी सहा टक्के असेल तर पुढच्या वर्षी सहाच धरा, त्यापेक्षा जास्त धरायचं असेल तर प्रशासनाला विचारा की असं नवीन काय करणार आहात ज्यानं ती येईल. उत्तर नसेल तर आकडा खाली.

आता एक काल्पनिक मनपा घेऊन हिशेब मांडतो, म्हणजे तुमच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. धरा की महसुली जमा ३०० कोटी. त्यात जीएसटीच्या नुकसानभरपाईचं अनुदान १३०, मालमत्ता कर ७०, पाणीपट्टी २५, बांधकाम परवानगी आणि विकास शुल्क ३५, मुद्रांक शुल्कावरचा १ टक्का अधिभार १५, भाडी, फी वगैरे किरकोळ २५. खर्चाच्या बाजूला पगार आणि पेन्शन ११४, कचऱ्याचे ठेके ४५, पाणीउपसा आणि दिवाबत्तीची वीज ४०, देखभाल दुरुस्ती ४०, आरोग्य आणि शिक्षण विभागाचा हिस्सा १५, कर्जाचे हप्ते १२, बससेवेची तूट १२. झाले २७८. उरले २२ कोटी. यातूनच महिला बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटकांचा राखीव निधी ठेवायचा, यातूनच केंद्राच्या अमृतसारख्या पाणी-मलनिस्सारण योजनांचा स्वहिस्सा भरायचा. अमृत २.० मध्ये एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराला केंद्राकडून एक तृतीयांश मिळतात, बाकीचे राज्याने आणि आपण बघायचे. म्हणजे नवीन रस्त्याला काय उरतं ते तुम्हीच बघा.

या सगळ्यात जीएसटी अनुदान जवळजवळ निम्मं आहे हे लक्षात आलं असेल. पूर्वी जकात होती, २०१० पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. जकात नाक्यावर मनपाचा स्वतःचा माणूस पैसे गोळा करायचा, आता महिन्याला मंत्रालयातून पैसे येतात. हे अनुदान हमखास आहे, त्यावर पगार चालतात, पण ते आपण मेहनत करून वाढवू शकत नाही. आपल्या हातात राहिले ते मालमत्ता कर आणि पाणीपट्टी, बस.

आता ३५ टक्के. हे प्रमाण आहे, वर आस्थापना खर्च आणि खाली उत्पन्न. वरच्या उदाहरणात ११४ भागिले ३०० म्हणजे ३८ टक्के. सगळी चर्चा वरचा आकडा कमी करण्यावर चालते, पदं गोठवा, भरती थांबवा. पण खालचा आकडा ३०० वरून ३२६ झाला तर तोच ११४ कोटींचा खर्च ३५ टक्क्यांत बसतो, एकही माणूस कमी न करता. आणि पहिला प्रश्न विचारायचा तो हा की तुमच्याकडे आस्थापना खर्चात नक्की काय काय धरलंय. पेन्शन धरलीय का, शिक्षण विभागाचे पगार धरलेत का, ज्याचं अनुदान शासन देतं तो खर्च धरलाय का. मी एकाच मनपाचं प्रमाण दोन फायलींत दोन वेगळं बघितलंय, एक भरतीच्या प्रस्तावात आणि एक ऑडिटच्या उत्तरात. शिवाय अत्यावश्यक सेवांसाठी शासन ही अट शिथिल करतं, नाशिक मनपाला आरोग्य आणि अग्निशमनच्या पदांसाठी अशी सूट मिळालेली आहे. त्यामुळे ३५ टक्के म्हटलं की विषय संपला असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

या मर्यादेचा एक वाईट परिणाम मात्र सांगितलाच पाहिजे. ठेक्यावरचा माणूस आस्थापनेत मोजत नाहीत, म्हणून कायम पद रिकामं ठेवायचं आणि तेच काम ठेक्यानं करून घ्यायचं, प्रमाण छान दिसतं आणि खर्च कचऱ्याच्या, उद्यानाच्या, पाणीपुरवठ्याच्या हेडखाली जातो. ठेका सगळीकडे वाईट असं मी म्हणत नाही, पण तो स्वस्त आहे हे गृहीत धरू नका, मोजा. किमान वेतन, त्यावर पीएफ, ईएसआय, बोनस, ठेकेदाराचा नफा, आणि बऱ्याच बिलांत वर १८ टक्के जीएसटी लावलेला असतो. ज्या ठेक्यात फक्त सेवा आहे, माल नाही, आणि काम मनपाच्या घटनादत्त कामांपैकी आहे, तिथे जीएसटीला सूट आहे, ती लागू होते का हे सीएकडून तपासून घ्या, एकेका ठेक्यात त्यानं बराच पैसा वाचतो.

आणि बिलाला जोडलेले कागद कधीतरी स्वतः उघडून बघा, ते वाटतं तेवढं किचकट नाही. पीएफच्या ईसीआरमध्ये, म्हणजे ठेकेदार दरमहा पीएफ भरताना देतो त्या यादीत, प्रत्येक कामगाराचं नाव आणि यूएएन नंबर, म्हणजे त्याचा कायमचा पीएफ नंबर, असतो. ती यादी आरोग्य निरीक्षकाच्या हजेरीशेजारी ठेवा. हजेरीत १८० नावं आणि ईसीआरमध्ये १४०, असं दिसलं तर चाळीस माणसं एकतर आलीच नाहीत किंवा आली पण त्यांचा पीएफ कापून कुणी खाल्ला. दोन्हीकडे मनपाच अडकते, कारण मूळ मालक म्हणून पीएफ खातं शेवटी आपल्याच दारात येतं. त्याच यादीतले नंबर दुसऱ्या ठेक्याच्या यादीशी जुळवा, एकच यूएएन एकाच महिन्यात दोन प्रभागांत पूर्ण हजर असलेला सापडतो. झाडू मारणाऱ्या बाईच्या घामाचे पैसे आहेत हे, आणि ते वाचवायला मॅनेजमेंटचा कोर्स लागत नाही, दोन कागद शेजारी ठेवायला लागतात.

आता भरती. सगळी पदं एकदम भरायचा विचार सोडा, पैसेही नाहीत आणि वेळही नाही. आकृतीबंध, म्हणजे कुठल्या विभागात किती पदं याचा आराखडा, मंजूर हवा, सेवा प्रवेश नियम मंजूर हवेत, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी, मागासवर्ग कक्षाकडून तपासून हवी, मग टीसीएस किंवा आयबीपीएसकडून परीक्षा, कागदपत्र पडताळणी, आणि अधेमधे कुणी कोर्टात गेलं तर अजून थांबा. आज ठरवलं तर माणूस खुर्चीवर बसायला दीड-दोन वर्षं जातात. त्यामुळे क्रम लावायचा.

माझा क्रम असा की सगळ्यात आधी पैसा आणणारी आणि पैसा वाचवणारी पदं. कर विभागाचे लिपिक नि निरीक्षक, पाण्याचे मीटर रीडर, मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) भरणारे कनिष्ठ अभियंते, लेखा विभागाचे लिपिक. लोकांना हे आवडत नाही, ते म्हणतात आधी डॉक्टर भरा, आधी फायरमन भरा. फायरमनच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत आहे, तिथे ठेका चालत नाही, जीवाचा प्रश्न आहे, ती पदं अट शिथिल करून मागायची आणि मागे लागून आणायची. पण बाकीच्या भरतीला पैसा कुठून येणार हा प्रश्न कर विभागातूनच सुटतो, म्हणून तिथली माणसं आधी.

हिशेब बघा. नव्यानं लागलेल्या लिपिकाचं मूळ वेतन १९,९००, महागाई भत्ता आता मूळ वेतनाच्या निम्म्याहून जास्त झालाय, घरभाडे भत्ता, वर एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत मनपाचा १४ टक्के हिस्सा, सगळं मिळून महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला पाच लाख धरा. वीस लिपिक म्हणजे वर्षाला एक कोटी. आता आपल्या काल्पनिक मनपात मालमत्ता कराची चालू मागणी ११० कोटी आहे असं धरू, जमा होतात ७०, त्यातले १५ जुन्या थकबाकीचे, म्हणजे चालू मागणीतले फक्त ५५ कोटी, निम्मे. हीच वसुली साठ टक्क्यांवर नेली तर ११ कोटी वाढतात, आणि ते एकदाच नाही, सवय लागली की दरवर्षी येतात. एक कोटीच्या पगारावर ११ कोटी. यातून अजून पन्नास पदांचा पगार सहज निघतो आणि तरी ते ३८ टक्क्यांचं प्रमाण किंचित खालीच येतं. हाच आकडा भरतीच्या प्रस्तावात घालून मंत्रालयात पाठवा, नुसतं कामाचा ताण आहे असं लिहिलेला प्रस्ताव टेबलावरच राहतो.

वसुली म्हटलं की सगळ्यांना मार्चमधली जप्ती आठवते, दारात बँड वाजवणं आठवतं. खरं काम त्याच्या आधीचं आहे. बिलं एप्रिल-मेमध्ये घरात पोचली पाहिजेत, बऱ्याच ठिकाणी ती नोव्हेंबरला पोचतात आणि मग चार महिन्यांत वसुली करा म्हणतात. दुसरं म्हणजे नोंदच नसलेल्या मालमत्ता. जीआयएसचा, म्हणजे नकाशावरून मालमत्ता मोजायचा, सर्व्हे करून एजन्सी निघून जाते, नवीन मालमत्तांची भली मोठी यादी देते, पण पुढे प्रत्येकाला नोटीस, हरकत, सुनावणी, आकारणी हे सगळं करायला माणूसच नसतो म्हणून ती यादी कपाटात पडून राहते. मी जिथे होतो तिथे एक सोपी युक्ती चालली, महावितरणकडून वाणिज्यिक मीटरची यादी घ्यायची आणि आपल्या कर रजिस्टरशी जुळवायची. रजिस्टरमध्ये एक घर, तळमजला, पत्र्याचं, निवासी वापर. मीटरच्या यादीत त्याच पत्त्यावर चार वाणिज्यिक मीटर. जाऊन बघितलं तर तीन मजली आरसीसी, खाली मेडिकल, मोबाईलचं दुकान, झेरॉक्स आणि वर कोचिंग क्लास. मालक चोर होता असं नाही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. अशी एक गल्ली पूर्ण केली की दर एक पैसाही न वाढवता मागणी वाढते, आणि जो माणूस इमानदारीनं भरतोय त्याच्यावर बोजा पडत नाही.

अभय योजनेबद्दल, म्हणजे थकबाकीवरचा दंड माफ करण्याबद्दल, माझं मत कडक आहे. कायद्यात थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती आहे, ती दर दोन-तीन वर्षांनी माफ होते हे लोकांना पाठ झालंय, मग एप्रिलमध्ये भरणारा मूर्ख ठरतो. एकदा द्यायचीच असेल तर निवासी आणि छोट्या थकबाकीदारांना द्या, आणि पुढची पाच वर्षं देणार नाही असा ठराव करा. मोठे थकबाकीदार, मोबाईल टॉवर, मंगल कार्यालयं, कारखाने, त्यांची यादी स्थायीत दर महिन्याला वाचा. त्यात सरकारी कार्यालयंही निघतील, त्यांच्याशी सेवाशुल्काचा पत्रव्यवहार वेगळा चालतो पण तो चालू ठेवावा लागतो.

पाणीपट्टीवर थोडक्यात सांगतो, तिथे वीजबिलच खाऊन टाकतं. पाण्याचा येणारा पैसा आणि पंपाचं वीजबिल शेजारी ठेवलं तर कित्येक ठिकाणी वीजबिलच मोठं निघतं. जुने पंप बदलणं आणि अनधिकृत नळ नियमित करणं या दोन गोष्टी दरवाढीच्या आधी करा, मग दरवाढ मागायला तोंड राहतं.

आता जे अजिबात करू नये ते. विकास शुल्क आणि बांधकाम परवानगीचे पैसे पगाराला वापरू नका. तेजी असली की ३५ कोटी येतात, मंदी आली की १५ वर येतात, पगार मात्र तेवढाच राहतो, उलट दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ आणि दोनदा महागाई भत्ता वाढतो. तो पैसा रस्ते, नाले, पंप असल्या एकदाच होणाऱ्या कामांना. वित्त आयोगाचा निधी पगाराला चालत नाही, १५ व्या आयोगानं अबंधित, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेल्या, निधीतूनसुद्धा पगार आणि आस्थापना खर्च वगळला होता. कर्जरोखे निघू शकतात, पुणे मनपानं २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले, पण ते मालमत्ता उभी करायला, महिना भागवायला नाही. पुण्याचं २०२५-२६ चं बजेट साडेबारा हजार कोटींच्या वर, मुंबईचं ७४ हजार कोटींच्या वर, त्यांचे उपाय जसेच्या तसे ड वर्गाला लावू नका.

आणि सगळ्यात गंभीर. पैसे कमी पडले की लेखा विभागावर दबाव येतो, आत्ता पगार काढा, बंधित म्हणजे ठराविक कामासाठीच आलेल्या अनुदानातून तात्पुरतं वळवा, ठेकेदारांच्या अनामत रकमा वापरा, कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला एनपीएस पुढच्या महिन्यात भरू. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर आपण शासनासाठी गोळा करतो, तोही भरायचा राहतो. यातला एकही पैसा मनपाचा नसतो. एनपीएस उशिरा गेला तर त्या पोराच्या खात्यावर व्याज नाही, वाढ नाही, तीस वर्षांनी त्याचं म्हातारपण कमी पडतं आणि तेव्हा आपण कुणीच तिथे नसतो. तात्पुरतं वळवलेलं परत आलं असं मी क्वचितच बघितलंय. म्हणून स्थायीत दर महिन्याला एक कागद मागा, प्रत्येक बँक खात्याची शिल्लक, त्यातली बंधित किती आणि मनपाची स्वतःची किती, कापून घेतलेली पण न भरलेली रक्कम किती, आणि न दिलेली बिलं किती. एक पान पुरतं. सुरुवातीला देणार नाहीत, माहिती संकलित करणे सुरू आहे असं उत्तर येईल. तुम्ही प्रत्येक सभेत विचारत राहा, इतिवृत्तात येऊ द्या.

टॅक्सवाढीचं म्हणाल तर कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. तुम्ही निवडून येऊन बसेपर्यंत ही तारीख हातातून गेल्यासारखीच असते, आणि पहिल्याच वर्षी ती वाढ मागूही नका. या वर्षी वसुली, दायित्वाची यादी, ठेक्यांची तपासणी आणि कर विभागाची वीस-पंचवीस पदं एवढंच धरा. दराचा विषय ऑक्टोबरमध्ये स्थायीत आणा, फेब्रुवारीच्या सभेत आयत्या वेळचा विषय म्हणून नाही. ऑक्टोबरला आणला तर प्रभाग समित्यांमध्ये चर्चेला चार महिने मिळतात, तोपर्यंत वसुलीचा सहामाही आकडाही हातात असतो, आणि सुरुवात सर्वसाधारण कराच्या दराला हात न लावता वाणिज्य वापराच्या पाणीदरापासून करता येते.